सदर इसम मिळून आला नाही

माझ्या नवऱ्याला सगळे ओळखतात. पोलीस सोडून.

हे मी गमतीनं सांगत नाहीये. तो टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतो, ओपनिंगला येतो. भात काढून झालं की आमच्याकडे, कर्जत काय नि खालापूर काय, रिकाम्या शेतांत ढेकळं फोडून रोलर फिरवतात आणि दर रविवारी कुठल्या ना कुठल्या भाऊंच्या नावाचा चषक असतो. मांडव, लाउडस्पीकर, यूट्यूबवर लाइव्ह. सिक्स मारला की माईकवरून कुणीतरी पाचशे रुपये जाहीर करतं आणि खेळाडू तिथंच येऊन ते खिशात घालतो. स्पर्धेच्या आधी आठ दिवस नाक्यानाक्यावर बॅनर लागतात, त्यावर त्याचं थोबाड असतं, काळा गॉगल लावून, हाताची घडी घालून. कर्जतला बाजाराला जाताना एसटीच्या खिडकीतून मला ते दिसायचं. आणि माझ्या पिशवीत त्याच माणसाबद्दलचा पोलिसांचा अहवाल असायचा, ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’

मी त्याचं घर सोडून माहेरी कडावला आले तेव्हा आमची लेक आठ वर्षांची होती. का सोडलं ते लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळतं. कोर्टानं लेकीसाठी दर महिन्याची पोटगी ठरवून दिली. पोटगी म्हटलं की लोकांना वाटतं, बाई नवऱ्याच्या जिवावर बसून खाते. अहो, माझ्या पोटाचं मी बघते! तीन म्हशी होत्या माझ्या, सकाळ-संध्याकाळ दुधाचा रतीब होता. ही पोटगी पोरीची होती. त्याच्याच पोरीची, त्याच्यासारखंच नाक असलेल्या पोरीची.

चार महिने त्यानं दिली. मग बंद.

तो रसायनीतल्या एका कंपनीत कामाला होता. मी म्हटलं, ठीक आहे, पगारातून कापून घेऊ. कोर्टातून मला फुकट वकील मिळाली होती, तरणी पोर, पण चिवट. तिनं अर्ज केला, कोर्टानं कंपनीला पत्र पाठवलं. दोन महिन्यांनी कंपनीचं उत्तर आलं, हा आमचा कामगार नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदाराला पत्र गेलं. त्याचं उत्तर आलं की आमचा ठेका मार्चमध्ये संपला. नवा ठेकेदार म्हणजे जुन्याचाच मेहुणा, ऑफिस तेच, खुर्ची तीच, फक्त पाटी नवी. माणूस रोज त्याच गेटमधून आत जातोय, तेच हेल्मेट घालतोय, नि कागदावर तो कुणाचाच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आग गेली म्हणून कागद हलतो थोडाच.

मग पकड वॉरंट निघालं. मला वाटलं, झालं, आता सुटले. काय अक्कल माझी! वॉरंट निघणं वेगळं आणि ते बजावणं वेगळं. ते त्याच्या बाजूच्या पोलीस ठाण्यात जायचं. त्याचं गाव लोधिवलीच्या अलीकडं आहे, नाव घेत नाही, पण जुन्या हायवेवर उभं राहून हाक मारली तर त्याच्या घरात ऐकू जाईल. पंधरा पिढ्यांचं घर. तरी दर तारखेला अहवाल तोच, मिळून आला नाही. एकदा तर लिहिलं होतं, पत्ता अपूर्ण. ज्या पत्त्यावर माझी वरात गेली, बँजो लावून, तो पत्ता अपूर्ण!

मी ठाण्यात जायला लागले. वॉरंटांचं काम एका हवालदाराकडं होतं. पन्नाशीचा, जाडसर, बोलायला गोड. रागावायचा नाही, हाकलायचा नाही. बसा म्हणायचा, पाणी पाजायचा आणि प्रत्येक वेळी एकच सांगायचा.

“ताई, तुमी दाखवा, आमी उचलतो.”

“मी दाखवू? मग तुमी काय करता?”

“आमी जातो वो. घरी नसतो तो. म्हातारी सांगते, मुंबईला गेलाय.”

“म्हातारी त्याची आई हाय. ती सांगणार का, माळ्यावर बसलाय म्हणून?”

तो हसायचा. मग टेबलावरची फाईल सरळ करायचा आणि म्हणायचा, आमच्याकडं माणसं किती कमी, बंदोबस्त किती, मंत्री किती. खोटं नव्हतं ते. पण मंत्री काय माझ्या पोरीचे बाबा होते?

अशी वर्षं गेली. वर्षं म्हणते तेव्हा खरोखरची वर्षं. लेक पाचवीतून आठवीत गेली, आठवीतून दहावीत. दूध घालून, कोर्टाला खेटे घालून मी तिला शिकवलं. माझ्या आईच्या पायाला जखम झाली होती, साखरेमुळं भरत नव्हती. दीड वर्ष तिचं ड्रेसिंग लेकीनं केलं, शाळेतून येऊन, हात धुऊन, नाक न मुरडता. आई गेली तेव्हा तो पाय बरा झालेला होता. तेव्हापासून पोरीनं धरलं की नर्सिंगच करायचं. बारावीची परीक्षा झाली आणि आम्ही पनवेलच्या एका कॉलेजात जाऊन फी विचारून आलो. थकलेली पोटगी मिळाली असती तर होस्टेलसकट पहिलं वर्ष निघत होतं. नाही मिळाली तर काय, हे परत येताना एसटीत आम्ही दोघीही बोललो नाही.

त्याच मे महिन्यात फायनल आली. पाऊस पडायच्या आधीची शेवटची मोठी स्पर्धा. बॅनरवर मोटरसायकलचा फोटो, मालिकावीराला लाल मोटरसायकल. आणि गंमत बघा, फायनलला एका बाजूला त्याची टीम आणि दुसऱ्या बाजूला आमचं कडाव. माझा धाकटा भाऊ आमच्या टीमचा विकेटकीपर.

मी शनिवारी ठाण्यात गेले. हवालदारापुढं बॅनरचा फोटो ठेवला.

“तुमी म्हनला ना, दाखवा? दाखवते. उद्या दुपारी तीन वाजता. हा माणूस हितं उभा असनार हाय, दोन हजार माणसांसमोर. या.”

तो फोटोकडं बघत राहिला. मग म्हणाला, “ह्यो? ह्यो तर आपला...” आणि जीभ चावली. आपला! इतकी वर्षं मिळत नव्हता, आणि आता आपला.

पण आला तो. मान्य करायला पाहिजे, आला. सोबत एक पोरगेला शिपाई घेऊन आला. आम्ही मांडवाच्या कडेला उभे राहिलो, मी पदर डोक्यावरून घेतलेला, उन्हानं डोकं तापलेलं. नवरा तेव्हा पॅडबिड काही न बांधता मैदानात चालला होता. इतक्या वर्षांनी मी त्याला जवळून बघत होते. पोट सुटलं होतं. बाकी तसाच, तीच मान ताठ करून चालायची सवय. काळजात काही झालं का? झालं. वाटलं, ह्याच्या हातातली बॅट घ्यावी आणि ह्याच्याच पाठीत घालावी.

त्याची टीम दुसरी आली होती खेळायला. शेवटची ओव्हर राहिली, चौदा रन हवे होते, स्ट्राइकवर हा. हवालदार मला म्हणाला, “ताई, आत्ता उचलू का? तुमी सांगा.”

आता इथं मी काय केलं ते लिहिताना आजही माझा मलाच राग येतो. माझ्या भावानं विकेटमागून मला बघितलं, पोलिसांना बघितलं, आणि तो पळत सीमारेषेपाशी आला. “ताई, आता नको गं. सगळे म्हनतील, कडाववाल्यांनी पोलीस आनून फायनल मारली. मरेपर्यंत ऐकायला लागल. एक ओव्हर, सहा बॉल फक्त.”

त्याचं खरं होतं. आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर पुढच्या तीन पिढ्यांना लोकांनी टोमणे मारले असते. गावाची लाज. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, सगळा गाव माझ्याकडं बघतोय असं वाटलं. आणि मी म्हणाले, “होऊ दे शेवटची ओव्हर.”

मी म्हणाले. माझ्या तोंडानं. पोरीचं वर्ष एका पारड्यात नि सहा बॉल दुसऱ्यात, आणि मी सहा बॉल निवडले. गावाला माझी काळजी होती का कधी? माझ्या पोरीची फी गाव भरणार होतं का? पण त्या क्षणी मी कडावची होते, आणि कडाव जिंकणार तर इज्जतीत जिंकणार असं मला वाटलं. मूर्ख बाई.

आणि जिंकलं कोण? तो. शेवटच्या बॉलवर सिक्स, बॉल पलीकडच्या ओढ्यात. सगळं मैदान आत घुसलं, फटाके, गुलाल, धूर. मी ओरडले, “आता धरा!” हवालदार दोन पावलं पुढं गेला आणि थांबला. कारण लोकांनी नवऱ्याला खांद्यावर घेऊन थेट स्टेजवर नेलं होतं, आणि स्टेजवर प्रमुख पाहुणे म्हणून कोण बसलेलं? हवालदाराचेच साहेब. फेटा बांधून.

साहेबांनी त्याच्या गळ्यात हार घातला. हातात मोटरसायकलची किल्ली दिली. हसून पाठीवर थाप मारली, फोटो काढला. माईकवरचा माणूस बोंबलत होता, आपल्या खालापूरची शान, आपल्या रायगडचा ढाण्या वाघ. हवालदारानं खालून साहेबांना सलाम ठोकला. मी त्याची बाही धरली.

“वो, वॉरंट हाय ना तुमच्या खिशात?”

“हाय वो ताई. पन साहेब बक्षीस देतायत. स्टेजवरून कसा उचलू? खाली उतरू दे की.”

तो खाली उतरला. स्टेजच्या मागून. नव्याकोऱ्या लाल गाडीवर बसून, नंबरप्लेट नसलेल्या गाडीवर, दोन पोलिसांच्या समोरून हायवेकडं गेला. जाताना त्यानं मला बघितलं असं मला वाटतं. हात हलवला का गुलाल पुसला, ते सांगता येत नाही.

सोमवारी तारीख होती. अहवाल आला, सदर इसम गर्दीचा फायदा घेऊन निघून गेला. निदान शब्द तरी बदलले.

माझी वकील चिडली, माझ्यावरच. बोलणं बरोबर होतं तिचं, म्हणून मी ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “माणूस राहू दे. आता त्याच्याकडं गाडी आहे. गाडी जप्त करता येते, विकून पैसे भरून घेता येतात. फक्त नंबर मिळवा.”

नंबर त्यानंच दिला. एवढा हुशार माणूस, इतकी वर्षं हाती लागला नाही, आणि नव्या गाडीची पूजा केल्यावर त्याला राहवलं नाही. चाकाखाली लिंबू, हँडलला हार, खाली नवी नंबरप्लेट, आई आरती ओवाळतेय, आणि पाठीमागं घराचं दार, त्यावर ग्रामपंचायतीचा घर नंबर. सगळं स्टेटसला! माझ्या भावानं स्टेटस बघितलं आणि पळत घरी आला, फायनलचं पाप डोक्यावर होतंच त्याच्या. गाडीच्या कागदावर पत्ता निघाला, तोच. घर नंबरासकट, पिनकोडसकट. आरटीओला तो पत्ता पूर्ण वाटला, पोलिसांनाच तेवढा अपूर्ण होता.

जप्ती झाली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी उचलून ठाण्याच्या आवारात लावली. मी मुद्दाम बघायला गेले. हवालदार म्हणाला, “झालं ना ताई तुमचं काम?” मी मान हलवली. घरी आले आणि लेकीला म्हटलं, तुझी फी आली समज. ती हसली, मग उगाच गोठ्यात गेली आणि म्हशींना घास टाकत बसली. कॉलेजची सीट पक्की करायची शेवटची तारीख ऑगस्टमध्ये होती. हातात महिना होता.

महिना! सरकारी महिना म्हणजे काय ते मला तोवर कळायला हवं होतं. आधी गाडीची किंमत ठरवायला माणूस यायचा होता, तो रजेवर. मग आरटीओचं पत्र. मग नोटीस चिकटवायची, मग हरकतीसाठी मुदत, मग साहेब बदलले, नव्या साहेबांना फाईल वाचायची होती. कोर्टात विचारलं तर ठाण्यात विचारा म्हणायचे, ठाण्यात विचारलं तर कोर्टाचा आदेश येऊ दे म्हणायचे. दोन्हीकडं मी सांगितलं, अमुक तारखेला माझ्या पोरीची सीट जाणार आहे. दोन्हीकडं माणसं वाईट नव्हती हो. ऐकून घ्यायची, चक्क हळहळायची. एका बाईनं तर माझ्या लेकीला देवाचा अंगारा दिला.

गाडी पावसात उभी होती. प्रत्येक वेळी गेले की ती आणखी थोडी गेलेली दिसायची. सीट कुणीतरी ब्लेडनं फाडली. आरसे गेले. चेन गंजली. शेवटी तर एक वेल चाकातून वर चढून हँडलला गुंडाळला होता, पिवळं फूलसुद्धा आलं होतं त्याला. ते फूल बघून मी त्या आवारात मोठ्यानं ओरडले. काय ओरडले आठवत नाही. शिव्याच असणार. एक शिपाई बाहेर आला, बघून परत आत गेला.

शेवटच्या तारखेला तीन दिवस राहिले तेव्हा मी दलालाला बोलावलं. तीन म्हशींतली मोठी, नुकती व्यालेली, एका वेळेला सात लिटर देणारी. घराचा निम्मा संसार तिच्या कासेवर चालत होता. लेक रडून म्हणाली, “आई, नको. मी पुढच्या वर्षी जाईन.” मी म्हटलं, “गप. पुढच्या वर्षी काय, कोर्ट धावत येणार हाय? जा, कागद गोळा कर.” आमच्या घरात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. ते मी सोडून घेतलं. म्हैस टेंपोत चढेना, मागं बघून हंबरत राहिली, रेडकू इकडं ओरडत होतं. ते रेडकू पंधरा दिवसांनी गेलं.

लेक पनवेलला गेली. जाताना मी रडले नाही, मला फार राग आलेला होता. अजून आहे. लोक म्हणतात, जाऊ दे, पोरगी मार्गी लागली ना? नाही जाऊ देणार! पोरगी माझ्या म्हशीनं मार्गी लावली. बापानं नाही, कोर्टानं नाही, वॉरंटानं तर नाहीच नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळचं दूध घालून मी घरी आले होते, भांडी घासत मागच्या दारी बसले होते. पुढं गाडी थांबली. हवालदार. तोच, पन्नाशीचा, जाडसर, गोड बोलणारा. हातात पाकीट.

“ताई, हायत का घरात? कोर्टाची नोटीस हाय, तुमच्या नावची.”

मी हात पुसत बाहेर आले. नोटिशीत लिहिलं होतं की जप्त केलेल्या गाडीचा लिलाव ठेवला आहे, अर्जदार बाईनं त्या तारखेला हजर राहावं, हजर न राहिल्यास वसुलीचा अर्ज निकाली काढण्यात येईल. म्हणजे मीच आले नाही तर माझंच बंद. मी ते दोनदा वाचलं.

“घर सापडलं का लगेच?” मी विचारलं.

“न सापडायला काय झालं? कडावच्या नाक्यावर विचारलं, दुधवाली बाई कुठं ऱ्हाते. चहावाला घरापर्यंत बोट दाखवतोय.” तो हसला. “तुमाला कोन वळखत नाय?”

“आणि लोधिवलीकडं कधी विचारलंत का नाक्यावर? ढाण्या वाघ कुठं ऱ्हातो म्हनून?”

तो हसायचा थांबला. टोपी काढून कपाळ पुसलं. बाहेरच्या ओट्यावर बसला आणि पाणी मागितलं. दारी आलेल्याला पाणी नाकारायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी तांब्या आणून दिला. तो पाणी पिताना गोठ्याकडं बघत होता. तीन खुंटे, दोन म्हशी. मोकळ्या खुंट्याला मी ते दावं अडकवून ठेवलं होतं.

“एक म्हस कमी दिसते,” तो म्हणाला.

“हां. ती पनवेलला नर्सिंग शिकते.”

त्याला काय कळलं असेल ते असेल. त्यानं तांब्या खाली ठेवला. पाकिटातून दुसरी प्रत काढली, पेन पुढं केलं, सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. मी सही केली. खाली तारीख घातली, वेळ घातली, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. मग कागद त्याच्या हातात परत दिला आणि तो निघायला उठला तेव्हा त्याच्यासमोर उभी राहिले.

“आता नीट लिहा अहवाल,” मी म्हटलं. “लिहा, सदर बाई राहत्या घरी मिळून आली. पहिल्याच खेपेला.”